मे महिन्याचा सात-बारा

सुट्टीच्या आठवणी जपायला आता तयार संच मिळतो. सुंदर पुठ्ठ्याच्या पेटीत जाड पानांची चिकटवही, नक्षीदार चिकटपट्ट्या, सोनेरी शाईचं पेन, नागमोडी कापणारी कात्री आणि सोबत ‘हॉलिडे’ असं लिहिलेले स्टिकर. स्टिकरांवर विमान, आयफेल टॉवर, चाकांची बॅग, समुद्रकिनारी नारळाच्या झाडाखाली आडवी झालेली एक गोरी बाई आणि का कोण जाणे, एक फ्लेमिंगो. भाचीने मला हा संच भेट दिला तेव्हा मी सगळे स्टिकर उलटेपालटे करून पाहिले. आमच्या सुट्टीतलं त्यात नारळाचं झाड तेवढं होतं, आणि त्याच्याखाली आडवं व्हायला आम्हाला सक्त मनाई होती. नारळ डोक्यात पडतो.

आमची सुट्टी म्हणजे मामांचं घर, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. तिचे स्टिकर काढायचे तर पहिला निघेल कशेडी घाटात गाडी लागल्यामुळे खिडकीबाहेर आलेल्या डोक्याचा. दुसरा, पायरीचे आंबे अति झाल्याने बरोबर कपाळाच्या मधोमध उठलेल्या गळवाचा. तिसरा, रात्री मागीलदारी जाताना हातात धरायच्या कंदिलाचा आणि सोबतीला म्हणून नेलेल्या, पण आपल्याहून जास्त घाबरलेल्या भावाचा. शेवटचा एरंडेलाच्या वाटीचा. शाळा सुरू होण्याआधी पोरांचं पोट साफ झालंच पाहिजे, यावर त्या काळच्या समस्त आज्यांचं एकमत होतं. यातला एकही स्टिकर बाजारात नाही. होतकरू उद्योजकांनी नोंद घ्यावी.

चिकटवही आमच्या पिढीला नवी नव्हे. ती शाळेनेच आमच्या गळ्यात मारली होती. सुट्टीच्या अभ्यासात पाढे, शुद्धलेखन आणि चिकटवही हे त्रिकूट ठरलेलं. विषयही ठरलेले: ‘आपले मदतनीस’, ‘वाहतुकीची साधने’, ‘पाळीव प्राणी’. स्टेशनरीच्या दुकानात या विषयांचे छापील तक्ते मिळत. त्यातली चित्रं कापायची आणि वहीत डकवायची. त्यामुळे वर्गातल्या यच्चयावत मुलांची गाय एकच असे आणि छपाईत तिचा रंग शिंगांच्या बाहेर गेलेला असे. ज्या पोराने अख्खा मे महिना मामांच्या गोठ्यात काढला, शेणात घसरून पडला, वासराच्या लाथा खाल्ल्या, त्याच्याही वहीत तीच गाय. मामांच्या तांबडीचं चित्र कुणी छापलं नव्हतं, आणि जे छापलेलं नाही ते अभ्यासात धरत नसत. शिवाय ही वही शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री, डुलक्या काढणाऱ्या आईच्या हातून पूर्ण होई. माझ्या वहीत पोस्टमन ‘पाळीव प्राणी’मध्ये गेला तो त्यामुळेच.

तेव्हा या वयात छापील तक्त्याशिवाय स्वतःच्या सुट्टीची वही करायची असं ठरवून मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला, ‘ज्याच्याकडे जे असेल ते पाठवा.’ आमच्या घराण्यात कुणाकडून वर्गणी निघणं कठीण, पण जुनं काही टाकायचं नाही हा कुलाचार. आठवड्याभरात कुरियरवाला मला नावाने हाक मारू लागला.

सगळ्यांत जास्त आली एसटीची तिकिटं. जुन्या कंडक्टरकडे पत्र्याची पेटी असे आणि तिच्यात ठरावीक रकमांच्या तिकिटांचे गठ्ठे. मुंबई ते राजापूर एवढं भाडं एका तिकिटात मावत नसे. मग तो बेरीज जुळेपर्यंत वेगवेगळ्या रंगांची तिकिटं फाडे, चिमट्याने टकटक भोकं पाडे आणि ती सबंध चळत वडिलांच्या हातात ठेवी. आता ती चळत पाहिली तर त्यात अर्ध्या तिकिटांचा भरणा फार. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्याकडे पोराचं वय बाराच्या अलीकडे येऊन मुक्काम ठोके आणि पुढे सरकायला वडीलधाऱ्यांची परवानगी लागे. नाशिकच्या मावसभावाला मिसरूड फुटलं तरी कंडक्टर जवळ येताच त्याला मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपावं लागे. डोकं झोपलेलं असे, पाय मात्र पुढच्या बाकाखालून पलीकडे गेलेले असत. उद्या एखाद्या संशोधकाने ही तिकिटं तपासली, तर या घराण्यात कुणी मोठंच झालं नाही असा निष्कर्ष तो काढील. काढू दे. मामींचंही तेच मत आहे.

नाशिककर मुंबईपर्यंत आगगाडीने येत. आगगाडीची ती कडक पुठ्ठ्याची, बोटभर तिकिटं वहीत फार शोभून दिसली असती, पण ती स्टेशनातून बाहेर पडताना टीसीच्या हातात द्यावी लागत. म्हणजे ज्यांनी नियमाने प्रवास केला त्यांच्यापाशी पुरावा नाही, आणि ज्याच्यापाशी पुरावा आहे तो कोणत्या वाटेने बाहेर पडला हे विचारायचं नाही. मावशीकडून असं एक तिकीट आलं. काका त्यावर आजही बोलत नाहीत. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ ला. तोवर आम्ही सगळे अधिकृतरीत्या पूर्ण तिकिटाचे झालो होतो, त्यामुळे रेल्वेचं आमच्यामुळे काहीही नुकसान झालेलं नाही.

तिकिटांखालोखाल मामांची पोस्टकार्डं. १५ पैशांच्या त्या कार्डात मामा एवढा मजकूर बसवत की वाचताना कार्ड गोल फिरवत न्यावं लागे. मधोमध आशीर्वाद, डाव्या कडेने पावसाचा अंदाज, उजव्या कडेने भाऊबंदकीची ताजी हालहवाल आणि पत्त्याच्या बाजूला, पोस्टाच्या नजरेतून सुटेल अशा बेताने, खरा मुद्दा: ‘मुलांना पाठवावे. येताना चहापूड, अमृतांजन व कंदिलाची काच (सांभाळून) आणावी.’ हे ‘सांभाळून’ काचेला उद्देशून असे, मुलांना नव्हे. आईने रात्रभर ती काच मांडीवर घेतलेली मला आठवते. मी पायांशी, बोचक्यावर.

मग आले फोटो. ते पाहून भाचीने विचारलं, ‘तुम्ही सगळे एवढे चिडलेले का?’ चिडलेलो नव्हतो. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा छायाचित्रणकलेचा एकच नियम काकांना ठाऊक होता, आणि तो त्यांच्या पाठीशी म्हणजे आमच्या डोळ्यांत. शिवाय काकांच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलात फोटो निघत १२. त्यात गणपती, कुणाची तरी मुंज, नवी स्कूटर हे सगळं बसवून मे महिन्याच्या वाट्याला दोन येत. पहिला, अंगणात सगळी पोरं उंचीप्रमाणे रांगेत. दुसराही तोच, कारण पहिल्यात कुणीतरी हललं. या फोटोंवर विश्वास ठेवायचा तर आम्ही सबंध सुट्टी अंगणात उंचीप्रमाणे उभं राहून, उन्हाकडे बघत काढली.

कृष्णधवल फोटो मात्र अजून ठणठणीत आहेत. त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते, ती सहसा दगा देत नाही. पंचाईत झाली ती नंतरच्या रंगीत फोटोंची. त्या काळच्या बऱ्याच रंगीत छापांत निळसर रंग आधी विरतो आणि लाल मागे राहतो. त्यामुळे १९८० च्या पुढेमागे आमचे मामा, जे जन्मात कुणावर खेकसले नाहीत, ते लालबुंद होऊन आता कुणाला तरी बदडणार अशा बेतात उभे आहेत. हे फोटो होते प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या चिकट पानांच्या अल्बमात. तेव्हा ते आधुनिक वाटत. आता त्यांचा डिंक पिवळा पडून फोटोंना मगरमिठी मारून बसलाय. ओढून काढले तर फाटतात. जाणकार सांगतात की दात साफ करायचा मेण नसलेला दोरा घ्यावा आणि फोटोखालून करवतीगत हलक्या हाताने ओढत न्यावा. आमच्या घरात दातांसाठी आजवर कधी न आलेला तो दोरा असा फोटोंसाठी आला. वडिलांनी तो पाहून विचारलं, ‘शिवणाचा दोरा संपला का?’

चिकटवण्याच्या कलेत आमचं घराणं तसं जुनं. बाभळीचा डिंक, मैद्याची खळ, आणि घाई असेल तर ताटातली भाताची शितं. अमेरिकेत मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांवर डिंकाचे पट्टे आधीच लावलेले. ते ओले करायचे आणि कात्रण दाबायचं. एवढ्या मोठ्या विनोदी लेखकाला डिंकात हात घालावासा वाटला, याचा अर्थ डब्यात बोटं चिकटण्याचा वैताग सार्वत्रिक असावा. आमच्या आजोळी मात्र शितांचं राज्य होतं, आणि त्याचा फायदा कसरीने घेतला. कसरीला पिठूळ पदार्थ प्रिय. आजोबांच्या जुन्या वहीत तिने नेमकी तीच जागा खाल्ली जिथे शितं सढळ हाताने लावली होती. एका ग्रुप फोटोत ज्यांच्याशी आमचं पटत नसे ते चुलत आजोबा संपूर्ण खाल्ले गेले आहेत. हे कसरीचं काम की आजीच्या शितांच्या वाटपाचं, हा संशय घरात अजून आहे.

या सगळ्या उठाठेवीतून थोडं शास्त्र पदरात पडलं, ते सांगून टाकते. वर्तमानपत्राचं कात्रण चांगल्या फोटोला टेकवून लावू नये. त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते पिवळं पडतं आणि शेजाऱ्यालाही बिघडवतं. साधी सेलोटेप काही वर्षांनी तपकिरी होते आणि डाग सोडून गळून पडते. आम्लमुक्त कागद आणि फोटोचे कोपरे अडकवायचे कागदी त्रिकोण हे दोघे भरवशाचे. आणि हल्लीच्या यंत्रातून सरकन निघणाऱ्या तिकिटांवर तर मुळीच विसंबू नये. त्यांच्यावर शाई नसतेच. कागदाला उष्णता लागून अक्षरं उमटतात आणि उष्णतेनेच पुसट होतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या तिकिटावरची कंडक्टरची भोकं शाबूत आहेत. गेल्या मे महिन्यातल्या प्रवासाचं तिकीट आत्ताच कोरं आहे. नव्या पोरांच्या वहीत पांढरे चिटोरे चिकटवलेले दिसतील आणि खाली लिहिलेलं असेल, ‘बाबांचा शब्द.’

इथवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं, कारण तोवर कुणी काही लिहिलं नव्हतं. भाची म्हणाली, नुसतं चिकटवून भागत नाही, खाली दोन ओळी लिहायच्या असतात. मी मामांच्या विहिरीचा फोटो पहिल्या पानावर लावला, खाली सोनेरी शाईने लिहिलं, ‘या विहिरीत मी पडले होते,’ आणि गटावर टाकलं.

पाचव्या मिनिटाला ताईचा फोन. ‘तू कुठे पडलीस? पडले मी! तू काठावर माझी चप्पल धरून उभी होतीस.’

नाशिककरांनी लिहिलं की दोघीही खोटं बोलताय, पडलो मी, गड्याने दोरीला बांधून काढलं, आणि पाण्यात एक बेडूक माझ्याकडे बघत होता. बेडकाचा तपशील आल्यावर गटावर क्षणभर शांतता पसरली. एवढं बारीक कोण खोटं सांगेल? तेवढ्यात बहारीनच्या मामेभावाने व्हिडिओ कॉल लावला आणि पँट वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला. म्हणे विहिरीच्या कठड्याचा. त्यावर ताई म्हणाली, तो व्रण भाड्याच्या सायकलचा आहे, भाडं मी भरलं होतं आणि ते अजून परत आलेलं नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, लहानपणची सुट्टी म्हणजे कोकणातली वडिलोपार्जित जमीन. एरवी तिच्याकडे कुणी फिरकत नाही. पण एकाने कुंपण घालायला खुंट रोवला की मुंबई, नाशिक, बहारीनहून सगळे हिस्सेदार हजर. सात-बारावर नावांची ही रांग, त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात आणखी कुणाकुणाचे बोजे. मी फक्त एक फेरफार नोंदवायला गेले होते. हरकती आल्या चार.

हे आमच्याच घरात होतं असं मात्र नाही. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुळ्यांना एकेक शब्द सुचवून त्यावरून बालपणीच्या आठवणी विचारल्या, तर एकच प्रसंग ‘हे माझ्याच बाबतीत घडलं’ असं दोघंही ठामपणे सांगत. म्हणजे जे बिचारे एकाच दिवशी जन्मले त्यांच्यातही वाटणी झालेली नाही. त्याआधी, १९९५ मध्ये, अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. त्यात एक गोष्ट रचलेली होती: तू पाच-सहा वर्षांचा असताना दुकानांच्या गर्दीत हरवला होतास. सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना ते पूर्णपणे किंवा थोडंफार आठवू लागलं. तिथे खोटी गोष्ट पेरायला दोन विदुषी आणि एक विद्यापीठ लागलं. आमच्याकडे हे काम जेवणानंतर पानाला चुना लावता लावता आत्या करीत असे.

शेवटी प्रकरण मामींकडे गेलं. मामींचं वय आता ऐंशीच्या पुढे, कान थोडे मंद, जीभ अजिबात नाही. गणपतीला सगळे जमलो तेव्हा वही त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा पुसून त्यांनी विहिरीचं पान पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मेल्यांनो, विहिरीत कोणीसुद्धा पडलं नाही. कळशी पडली. तुम्ही सगळ्यांनी काठावर उभं राहून भोकाड पसरलंत, तेवढं खरं.’

‘आणि बेडूक?’ नाशिककरांनी क्षीण आवाजात विचारलं.

‘बेडूक होता,’ मामी म्हणाल्या. ‘विहिरीत बेडूक नसेल तर काय आगबोट असेल?’

कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा मामी उठल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून कापडात बांधलेल्या वह्या घेऊन आल्या. त्यांच्या हिशेबाच्या वह्या, दर वर्षीच्या. त्यातला मे महिना उघडला. तांदूळ, गूळ, रॉकेल. ‘मुंबईची मुले आली.’ पुन्हा तांदूळ. ‘नाशिकची मुले आली.’ पुन्हा तांदूळ, आता दुप्पट. ‘एरंडेल, मोठी बाटली.’ ‘पत्रावळी, कारण भांडी घासायला बाई येत नाही म्हणाली.’ ‘आंबे: मोजणे सोडून दिले.’ आणि एका ओळीत, सुवाच्य अक्षरात, ‘कळशी विहिरीत. गळ टाकून काढणावळ २ रु.’

इतक्या तिकिटांत, कार्डांत आणि फोटोंत त्या सुट्टीचा त्याच दिवशी, त्याच घरात लिहिलेला पुरावा एवढाच. तो वाचताना आणखी एक गोष्ट समजली. आम्ही ज्याला सुट्टी म्हणत होतो तो मामींचा वर्षातला सगळ्यांत कष्टाचा महिना होता. चुलीवर पंधरा-वीस माणसांचा रांधा, दुपारी फणसपोळ्या थापणं, आंबापोळीचं साट वाळवणं, रात्री कुणाच्या गळवाला पोटीस. एकाही फोटोत मामी नाहीत. एका फोटोत दारामागे पदराचा काठ दिसतो, तो त्यांचाच असणार म्हणून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामींनी फोटो जवळ धरून पाहिला. ‘छे गो! ते वाळत घातलेलं पातळ. मी इकडे उभी राहिले असते तर तिकडे भात कोणी उतरवला असता?’

बहारीनकरांनी मग हळूच कायद्याचा मुद्दा काढला. कोकणात १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन घरोघर तोंडपाठ असतात, काहींना आनंदाने, काहींना हुंदक्यासह. आमच्या आजोळची बरीच जमीन त्याच दिवसानंतर कुळांच्या नावावर झाली. कसेल त्याची जमीन. त्या हिशेबाने मे महिना आम्ही फक्त खाल्ला, कसला मामींनी. सर्वानुमते ठराव झाला. वहीच्या पहिल्या पानावरची आम्हा सगळ्यांची नावं कंसात टाकली, भोगवटादार म्हणून मामींचं एकटीचं नाव लिहिलं, आणि विहिरीच्या फोटोखाली कळशीची ओळ जशीच्या तशी उतरवून काढली. नाशिककरांचा बेडूक ‘इतर अधिकार’मध्ये गेला.

मी मामींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं, फ्लेमिंगोच्या स्टिकरकडे पाहून ‘हा बगळा भाजला कुठे?’ असं विचारलं आणि वही मिटून स्वतःच्या ट्रंकेत टाकली. आता ती त्यांची मिळकत झाली होती; विचारणार कोण? ‘ठीक आहे,’ त्या म्हणाल्या, ‘जमीन माझी ना? मग पुढच्या मे महिन्यात सगळ्यांनी यायचं. तुम्ही रांधायचं, विहिरीत मी पडते.’